झाडांचं संगीत: बोस यांच्यापेक्षा पॉलीग्राफचं देणं

कुंडीतल्या झाडाच्या पानाला दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे, तारा काडेपेटीएवढ्या डबीला जोडायच्या आणि मोबाइलवर संथ सूर ऐकायचे, असे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. आपल्याकडे त्याखाली जगदीशचंद्र बोस यांचं नाव हमखास येतं. बोसांचा या विषयाशी संबंध आहेच. पण त्या डबीचा वंश शोधत गेलं, तर वाट कोलकात्याला न जाता न्यूयॉर्कमधल्या एका लाय-डिटेक्टरवाल्याच्या ऑफिसात पोचते.

वनस्पतींमधल्या विद्युत संकेताची पहिली ठोस नोंद १८७३ची. डार्विनचं तेव्हा कीटकभक्षी वनस्पतींवर काम चालू होतं. व्हीनस फ्लायट्रॅपचं पान झटक्यात मिटतं, तेव्हा त्यात स्नायूसारखं काही घडतं का, हे बघायची विनंती त्याने लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांना केली. त्यांनी पानाला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकसा विद्युतप्रवाह टिपणारं यंत्र, जोडला, पान डिवचलं आणि विद्युतदाबातला बदल टिपला. या पानाच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात. एक स्पर्श झाला की एक संकेत निघतो, पण पान उघडंच राहतं. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतं. पावसाच्या एखाद्या थेंबासाठी उगाच दमायचं नाही, असा हा हिशेब.

बोसांचं म्हणणं याच्या पुढचं होतं: पान हलो न हलो, साध्या भाजीपाल्यातही असा प्रतिसाद असतोच. १९०१ मध्ये लंडनमध्ये त्यांनी ते मांडलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत स्वतः बर्डन-सँडरसन होते. बोसांनी उत्तर उपकरणांतून दिलं. लाजाळूसाठी त्यांनी केलेल्या ‘रेझोनंट रेकॉर्डर’मध्ये काजळी धरलेली काच सरकत असे आणि ठरावीक कंपनसंख्येने थरथरणारी बारीक तार तिच्यावर ठिपके काढत जाई. ठिपके मोजले की प्रतिसादाला लागलेला वेळ कळे, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. कंपनाचं तत्त्व वापरूनही बोसांनी त्यातून सूर मात्र काढले नाहीत; त्यांना आलेख हवा होता.

मग न्यूयॉर्क, फेब्रुवारी १९६६. क्लीव्ह बॅक्स्टर हा पॉलीग्राफचा, म्हणजे लाय-डिटेक्टरचा तज्ज्ञ. पाणी घातल्यावर ते पानापर्यंत चढायला किती वेळ लागतो, हे पाहायला त्याने ऑफिसातल्या ड्रॅसिना या शोभेच्या झाडाच्या पानाला पॉलीग्राफचे इलेक्ट्रोड लावले. पान जाळायचा नुसता विचार मनात आला आणि यंत्राचा काटा उसळला, असा त्याचा दावा. झाडं मन वाचतात, हा निष्कर्ष त्याने तिथल्या तिथे काढून टाकला. १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा नंतरचा एक प्रयोग नीट नियंत्रणं ठेवून पुन्हा केला. हाती काही लागलं नाही. पण तोवर या कल्पनेवरचं पुस्तक बाजारात धडाक्यात खपलं होतं. पुढे त्यावर निघालेल्या चित्रपटाला अमेरिकी गायक स्टीव्ही वंडरने संगीत दिलं, ते अर्थात संपूर्ण माणसाचं.

बॅक्स्टरचा दावा गेला, जोडणी मात्र राहिली. फरक इथेच आहे. सँडरसन आणि बोस यांचा भर झाड स्वतः निर्माण करतं त्या विद्युतदाबावर होता. पॉलीग्राफ बाहेरून किंचित प्रवाह सोडतो आणि तो किती सहज वाहतो ते मोजतो. सत्तरच्या दशकात कलाकारांनी आणि इटलीतल्या दामानहूर या पंथाने झाडांना सिंथेसायझर जोडले. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांना स्वर कळवायची सामाईक भाषा, आली आणि कुठलाही आकडा स्वर म्हणून पाठवणं सोपं झालं. फिलाडेल्फियाच्या ‘डेटा गार्डन’ या कलाकारांच्या गटाने २०१२ मध्ये तिथल्या कलासंग्रहालयात चार झाडांचं वादन ठेवलं, त्यातूनच पुढे ‘मिडी स्प्राउट’ आणि ‘प्लांटवेव्ह’ ही उपकरणं निघाली.

अशा उपकरणात पानातल्या विद्युतवहनाचा चढउतार ठरावीक मर्यादेबाहेर गेला की एक स्वर वाजतो. कोणता सप्तक, कोणतं वाद्य, किती गुंजन, हे सगळं माणूस ठरवतो. पाच स्वरांचाच संच दिला, तर कुठलाही आकडा बेसूर होऊच शकत नाही. शिवाय इलेक्ट्रोडखालची जेल सुकली, तार हलली, जवळून कोणी गेलं, तरी सूर बदलतात. म्हणून ‘माझ्या तुळशीला भूप आवडतो’ वगैरे ऐकलं की मला आधी अ‍ॅपची सेटिंग बघावीशी वाटते. ऐकायला छान वाटतं, याबद्दल वाद नाही.

झाडाचे खरे संकेत फार संथ आणि विरळ असतात. लाजाळूत ते सेकंदाला काही सेंटीमीटर सरकतात. २०१३ मध्ये लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसवर अळ्या सोडल्या. अळी पानावर नुसती चालली, तेव्हा इलेक्ट्रोडवर काहीच उमटलं नाही. तिने पान कुरतडायला घेतलं, तेव्हा संकेत निघाला आणि दूरच्या पानांपर्यंत गेला. तिथे अळीविरोधी संरक्षणाची तयारी सुरू झाली.