खुनीकेंद्री थरारमालिका, कोरियन

दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणी व ओटीटी मंचांवरील गुन्हेविषयक मालिकांचा एक प्रकार. खून कोणी केला, यापेक्षा शिक्षा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या मालिकांत मध्यवर्ती असतो. त्यामुळे खुनी, पोलीस आणि मृताचे नातलग यांच्यातील नैतिक सीमारेषा त्यांत बुद्ध्याच पुसट ठेवलेली आढळते.

या प्रकाराचे मूळ वेबटूनमध्ये, म्हणजे मोबाइलवर वाचावयाच्या चित्रकथांमध्ये, शोधता येते. तथापि त्याहून आधीच्या काही प्रत्यक्ष खटल्यांकडे आणि कायद्यातील पोकळीकडे बोट दाखविणे अधिक ग्राह्य वाटते. ग्याँगी प्रांतातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. खुनाच्या खटल्यासाठी तेव्हा १५ वर्षांची कालमर्यादा असल्याने ती २००६ मध्ये संपली आणि २०१९ मध्ये डीएनएवरून खुन्याची ओळख पटूनही त्याच्यावर या खुनांचा खटला भरता आला नाही; दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. यांपैकी आठव्या खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या इसमाला २०२० मध्ये निर्दोष ठरविण्यात आले. खुनासाठीची कालमर्यादा २०१५ मध्ये रद्द झाली. फाशीची शिक्षा कायद्यात कायम असली, तरी डिसेंबर १९९७ नंतर ती अमलात आलेली नाही.

‘सिग्नल’ (२०१६, लेखिका किम उन-ही) या मालिकेत वर्तमानातील तपासनीस आणि भूतकाळातील पोलीस एका वॉकी-टॉकीवरून बोलतात. तिच्यातील एक प्रकरण ह्वासाँगवर बेतलेले असून कालमर्यादेचा प्रश्न कथानकात थेट येतो. येथे दोष यंत्रणेचा आहे, नायक मात्र निष्कलंक राहतो. ‘बियाँड ईव्हिल’मध्ये (२०२१) हा आधारही काढून घेतला आहे: नायक असलेला पोलीस अधिकारीच पुराव्यात ढवळाढवळ करतो. मालिकेच्या मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘राक्षस’ असा असून तो कोणाला लागू पडतो, हे प्रेक्षकाला वारंवार ठरवावे लागते. प्रस्तुत प्रकारातील ही सर्वांत संयत कृती म्हणता येईल. जन्मजात मनोविकृतीचा प्रश्न गर्भावस्थेपर्यंत मागे नेणारी ‘माउस’ (२०२१) त्या मानाने फारच गुंतागुंतीची झाली आहे.

‘अ किलर पॅरडॉक्स’ (२०२४) ही आठ भागांची मालिका वेबटूनवर आधारित आहे. तिच्या नायकाच्या हातून अनवधानाने मेलेला माणूस स्वतःच खुनी निघतो. तिचे मूळ शीर्षक वादाचा विषय आहे. ‘सारिन्जा’ (खुनी) आणि ‘नान्गाम’ (पेचात पडलेला) या शब्दांमध्ये शून्यासारखे दिसणारे एक सुटे व्यंजन ठेवले आहे. कोरियन लिपीत हे अक्षर स्वरापूर्वी मूक असते, तर अक्षरसमूहाच्या अखेरीस त्याचा उच्चार मराठीतील ‘ङ’सारखा होतो. पुढे स्वर कल्पिल्यास ‘खुन्याचा पेच’ असा अर्थ निघू शकतो. मागील ‘जा’ला जोडल्यास मात्र ‘जाङ’ होऊन ‘खुनाचे खेळणे’ असे वाचता येते. कथेतील तपास अधिकाऱ्याचे नाव जाङ नान-गाम असेच असल्याने, आणि त्याचाही अर्थ ‘खेळणे’ होत असल्याने, दुसरे वाचन डावलता येत नाही. संदिग्धता हेतुपुरस्सर असावी.

पोलीस पत्नी आणि संशयित पती यांची कथा असलेल्या ‘फ्लॉवर ऑफ ईव्हिल’चे (२०२०) ‘दुरंगा’ (२०२२) आणि ‘सिग्नल’चे ‘ग्यारह ग्यारह’ (२०२४) असे हिंदी अवतार निघाले आहेत.