प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे तिकीट : अर्ज नेमका कोठे अडतो?

दिल्लीतील २६ जानेवारीचे संचलन आणि २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे सैन्याच्या वाद्यपथकांचा समारोपाचा सोहळा, संरक्षण मंत्रालय सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी आपल्याच कराच्या पैशातून, भरवते. अलीकडच्या वर्षांत या सोहळ्यांची तिकिटे २० आणि १०० रुपयांना मिळतात. एवढ्या दरातून खर्च भरून काढण्याचा हेतू असणे शक्यच नाही. दर नाममात्र ठेवण्याचा अर्थ इतकाच, की ज्याने कर भरला त्याला तेथे येऊन बसता यावे. असे असूनही दर जानेवारीत किती तरी मंडळी तिकिटाविना राहतात, आणि काही जण तर तिकीट हातात असून प्रवेशद्वारावरून परततात. नातेवाईक आणि शेजाऱ्यांचे अर्ज भरून देताना माझ्या लक्षात आले, की अडचण बहुतेक वेळा पात्रतेची नसते. एखादी तारीख चुकीची वाचलेली असते किंवा चुकीचे ओळखपत्र सोबत घेतलेले असते.

पात्रतेचा प्रश्न दोन ओळींत संपतो. फोटो असलेले मूळ ओळखपत्र ज्याच्याजवळ आहे, त्याला तिकीट घेता येते. शिफारसपत्र, सैन्यातील नातेवाईक किंवा खासदाराची चिठ्ठी यांपैकी कशाचीही गरज नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की ‘पास’ आणि ‘तिकीट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अनेकांना माहीतच नसते. पास म्हणजे सरकारकडून येणारे निमंत्रण. ते विकत मिळत नाही आणि सामान्य माणसाला त्यासाठी अर्जही करता येत नाही. तिकीट मात्र सर्वांसाठी खुले असते. २०२३ पासून निमंत्रणे आणि तिकिटे या दोन्हींचे काम ‘आमंत्रण’ नावाच्या एकाच संकेतस्थळावरून चालू लागले आणि नावामुळे गोंधळात भरच पडली. ‘आम्हाला कोण आमंत्रण देणार?’ असे म्हणून ते पान न उघडताच बाजूला ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. कृपया ते पान उघडा. पत्ता टाइप करताना इंग्रजी ‘ए’ हे अक्षर सुरुवातीला दोनदा येते, आणि पत्त्याचा शेवट सरकारी संकेतस्थळाचा, म्हणजे ‘जीओव्ही डॉट इन’ असाच असला पाहिजे. याच नावाचे मोबाइल ॲपही आहे. अन्य कोणत्याही पानावर पैसे भरू नका.

आता तारखांकडे वळू, कारण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. २०२५ साली विक्री २ ते ११ जानेवारी या काळात होती, तर २०२६ साली ५ ते १४ जानेवारी या काळात. सूचनेतील सुरुवातीच्या आणि अखेरच्या तारखांपैकी अखेरची तारीख लोक परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेसारखी वाचतात आणि ‘अजून चार दिवस आहेत’ असे म्हणून थांबतात. जाहीर सूचनेत मात्र असे लिहिलेले असते, की त्या त्या दिवसाचा कोटा संपेपर्यंतच विक्री चालेल. याचा व्यवहारातील अर्थ असा, की रोज सकाळी ९ वाजता ठरावीक तिकिटे खुली होतात, ती संपली की त्या दिवसाचा विषय संपतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नव्याने सुरुवात होते. म्हणून दुपारी पान उघडून ‘तिकिटे संपली’ असे दिसले तर निराश होण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी नऊच्या पाच मिनिटे आधी तयार बसावे. उलट, पहिले दोन दिवस वाया घालवून शेवटच्या दिवसावर भिस्त ठेवू नये.

दिल्लीबाहेरच्या माणसासाठी याहूनही अवघड पेच आहे आणि तो सोडवणे सरकारच्याच हातात आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे २४-२५ जानेवारीला दिल्लीत पोहोचायचे असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीसच जागा धरावी लागते. संचलनाची तिकिटे मात्र जानेवारी उजाडल्यावर विकायला येतात. सोहळ्याची तारीख १९५० पासून बदललेली नाही. मग तिकिटांची विक्री रेल्वे आरक्षणाच्या सुमारास सुरू करण्यात अडचण काय आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. तोपर्यंत एवढेच करता येते, की रेल्वेचे आरक्षण वेळेवर करावे, ते रद्द केल्यास किती पैसे कापले जातील हे आधीच पाहून ठेवावे, आणि विक्रीची सूचना केव्हा येते याकडे डिसेंबरच्या अखेरीपासून रोज लक्ष ठेवावे.

तारखेचाच आणखी एक गोंधळ आहे. तिकिटे एका सोहळ्याची नव्हे, तीन सोहळ्यांची विकली जातात. २६ जानेवारीला कर्तव्यपथावरील संचलन, २८ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटची रंगीत तालीम आणि २९ जानेवारीला तेथेच प्रत्यक्ष बीटिंग रिट्रीट. संचलनासाठी १०० आणि २० रुपये असे दोन दर असतात, तालमीसाठी २० रुपये आणि प्रत्यक्ष बीटिंग रिट्रीटसाठी १०० रुपये. दोन ठिकाणी २० रुपयांचे आणि दोन ठिकाणी १०० रुपयांचे तिकीट असल्याने घाईत चुकीची ओळ निवडली जाते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने २८ तारखेची तिकिटे संचलनाची समजून घेतली आणि चूक दिल्लीला निघण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आली. पैसे भरण्यापूर्वी तारीख मोठ्याने वाचावी, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. मात्र तालीम म्हणजे दुय्यम काही, असेही समजू नये. मावळतीच्या उजेडात रायसीना टेकडीच्या पायथ्याशी तिन्ही दलांची वाद्यपथके एकत्र वाजू लागतात, तेव्हा समोर राष्ट्रपती आहेत की नाहीत याने ऐकणाऱ्याच्या आनंदात फारसा फरक पडत नाही. गर्दी नको असलेल्या वृद्धांसाठी मी तालमीचेच तिकीट सुचवतो.

कागदपत्र एकच लागते आणि तेच सर्वांत जास्त नडते. नियम असा आहे, की जे मूळ फोटो ओळखपत्र दाखवून तिकीट घेतले, तेच ओळखपत्र प्रवेशाच्या वेळी दाखवावे लागते. ‘तेच’ या शब्दाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. घरात आधार कार्ड, पारपत्र, मतदार ओळखपत्र आणि वाहन परवाना असे सगळे असते. अर्ज भरताना जे हाती येते त्याचा क्रमांक दिला जातो आणि प्रवासात पाकिटात राहते ते दुसरेच. त्यात आपल्याकडे नावांची रीत वेगळी. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचे नाव गाळलेले, आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत आधारवर सासरचे आणि पारपत्रावर माहेरचे नाव हे तर नेहमीचेच. प्रवेशद्वारावर उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्याला हे दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे पटवून देण्याइतका वेळ त्या पहाटे कोणाकडेच नसतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाचे कोणते कार्ड वापरायचे ते ठरवा, त्यावर जसे नाव छापलेले आहे अक्षरशः तसेच लिहा, आणि अर्ज पूर्ण होताच ते कार्ड तिकिटाच्या छापील प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेवा. छायांकित प्रतीवर विसंबू नका. मुलांना सोबत नेणार असाल तर त्यांचेही आधार कार्ड आधीच काढून ठेवा. पाच वर्षांखालील मुलांनाही ते मिळते, पण जानेवारीत धावपळ करून वेळेत हाती येईलच असे नाही.

ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी दिल्लीत खिडक्या असतात. सेना भवन, शास्त्री भवन, जंतर मंतर आणि राजीव चौक मेट्रो स्थानक ही ठिकाणे अलीकडे कायम राहिली आहेत, परंतु तेथील दार क्रमांक दर वर्षी बदलू शकतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नये. खिडकी सकाळी १० ते १ आणि दुपारी २ नंतर उघडी असते. येथेही मूळ ओळखपत्र लागते.

तिकिटावर बैठकीच्या विभागाचे नाव किंवा क्रमांक असतो. २०२६ साली संचलनाच्या विभागांना नद्यांची आणि बीटिंग रिट्रीटच्या विभागांना वाद्यांची नावे देण्यात आली. सामान्य प्रेक्षकाला ‘अति महत्त्वाचे’ आणि बाकीचे अशी पाटी वाचावी लागू नये, हे योग्यच झाले. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र विभागाच्या नावाहून तो कर्तव्यपथाच्या कोणत्या बाजूला आहे हे अधिक महत्त्वाचे. २५ तारखेच्या संध्याकाळपासूनच तो रस्ता वाहतुकीला बंद होतो आणि सकाळी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सहज ओलांडता येत नाही. चुकीच्या मेट्रो स्थानकावर उतरलेल्या माणसाला त्या थंडीत लांबचा वळसा पडतो. केंद्रीय सचिवालय आणि उद्योग भवन या दोन स्थानकांपैकी आपल्याला कोणते जवळ, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. २०२५ साली २६ जानेवारीला मेट्रो पहाटे ३ वाजता सुरू झाली होती; संचलन साडेदहाला सुरू होत असले तरी किती लवकर निघावे लागते याचा अंदाज त्यावरून येईल.

पाण्याची बाटली, खाद्यपदार्थ, पिशवी, छत्री, दुर्बीण, पॉवर बँक, काडेपेटी आणि गाडीची रिमोटची किल्ली आत नेता येत नाही. गाडी दूर ठेवून किल्ली खिशात घेऊन आलेल्या माणसाची येथे हमखास पंचाईत होते, तेव्हा मेट्रोनेच यावे. छत्री चालत नाही, हे पावसाच्या दृष्टीनेही लक्षात असू द्यावे. २०१५ च्या संचलनात आणि २०२३ च्या बीटिंग रिट्रीटमध्ये पाऊस झाला होता आणि प्रेक्षक भिजत बसले होते. मधुमेह असलेल्यांनी आत जाण्यापूर्वी नीट खाऊन घ्यावे, कारण त्यानंतर बराच काळ काही मिळत नाही.

इतके सगळे सांभाळून आत पोहोचलात, की घोडदळाच्या टापा आणि एकवीस तोफांची सलामी यांचा आवाज दूरदर्शनच्या संचातून येतो त्याहून वेगळा का असतो हे कळते. २०२३ पासून या सलामीसाठी भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा वापरल्या जातात आणि त्यांचा दणका छातीत जाणवतो.

तिकीट मिळालेच नाही आणि रेल्वेचे आरक्षण मात्र हातात आहे, अशी वेळ आली तर प्रवास रद्द करण्यापूर्वी २६ ते ३१ जानेवारी या काळात लाल किल्ल्यावर भरणाऱ्या भारत पर्वाचा विचार करावा. तेथे प्रवेश विनामूल्य असतो, आणि संचलनात अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून निघून जाणारे चित्ररथ तेथे उभे असतात, त्यामुळे मुलांना त्यांच्याभोवती फिरून हवा तेवढा वेळ पाहता येते.