नागपूर योजना (रस्तेविकास)

नागपूर योजना : भारतातील रस्तेविकासाची पहिली वीस वर्षांची अखिल भारतीय योजना. ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरली, तीत ही योजना आखली गेली व परिषदेच्या गावावरूनच तिला नाव पडले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही रस्त्यांची उतरंड देशभर एकसारखी रूढ झाली ती या योजनेपासून.

पूर्वपीठिका : १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला. प्रांतांनी तो बऱ्याच अंशी जिल्हा मंडळांवर सोपवला आणि मंडळांकडे पैसा नव्हता. मोटारी वाढू लागल्यावर १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्तेबांधणी प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालली असून तो आता राष्ट्रीय प्रश्न मानावा, असे तिने सांगितले. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहतुकीने रस्त्यांची चाळण झाली, आणि युद्धोत्तर पुनर्रचनेची चर्चा सुरू असतानाच ही परिषद भरली. नागपूरच का, याचे उत्तर बहुधा रेल्वेच्या वेळापत्रकात सापडावे : दिल्ली–मद्रास व मुंबई–हावडा हे लोहमार्ग येथे एकमेकांना मिळतात आणि मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी म्हणून कचेऱ्याही हाताशी होत्या.

झिरो माइलशी संबंध : नागपूरच्या झिरो माइल स्तंभामुळे हे शहर देशाच्या रस्त्यांचे आरंभस्थान ठरले व म्हणून योजनेला त्याचे नाव मिळाले, असे लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. ते स्वीकारणे कठीण आहे. स्तंभावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, रायपूर, हैदराबाद अशा ठिकाणांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत खरी. पण लगतच्या दगडावर १९०७ हे वर्ष व समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. त्यावरून तो मुख्यतः सर्वेक्षणातील उंचीची खूण असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रस्त्यांचे जाळे आखताना या बिंदूपासून मोजणी करावी, असे योजनेच्या सूत्रांत काही नाही.

कालमर्यादा : काही ग्रंथांत योजनेचा काळ १९४३–६३, तर काहींत १९४३–६१ असा दिला जातो. वीस वर्षांच्या मूळ संकल्पाशी पहिलाच जुळतो. दुसरी योजना, म्हणजे मुंबई योजना, १९६१–८१ या काळासाठी मांडली गेली, तेव्हा पहिलीचा शेवट मागे ओढला गेला असावा. प्रत्यक्ष खर्चाच्या दृष्टीने आरंभही १९४३ धरता येत नाही, कारण राष्ट्रीय महामार्गांची आर्थिक जबाबदारी केंद्राने घेतली ती १ एप्रिल १९४७ पासून.

गणित : योजनेचा गाभा दोन सूत्रांत आहे. पहिले पक्क्या रस्त्यांसाठी, म्हणजे राष्ट्रीय व प्रांतिक महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग यांसाठी :

लांबी (किमी) = क/८ + ख/३२ + १.६ न + ८ ट + व − र

येथे ‘क’ म्हणजे शेतीखालील क्षेत्र व ‘ख’ म्हणजे बिगरशेती क्षेत्र (दोन्ही चौ. किमी), ‘न’ म्हणजे २,००१ ते ५,००० वस्तीच्या गावांची संख्या, ‘ट’ म्हणजे ५,००० वरील वस्तीच्या गावांची व शहरांची संख्या, ‘व’ म्हणजे पुढील वाढीसाठी १५ टक्के आणि ‘र’ म्हणजे त्या भागातील रेल्वेची लांबी.

‘८’ हा भाजक कोठून आला हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. मूळ सूत्र मैलांत होते व तेथे भाजक ५ आहे. शेतीच्या प्रदेशात कोणतेही ठिकाण पक्क्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावे, ही अट. त्यासाठी दहा मैल बाजूच्या चौकटींची जाळी कल्पावी. एका चौकटीच्या चार बाजू मिळून चाळीस मैल; पण प्रत्येक बाजू शेजारच्या चौकटीशी सामाईक, म्हणून वाट्याला वीस. क्षेत्र शंभर चौ. मैल. शंभराला वीस, म्हणजे पाचास एक. किलोमीटरमध्ये हीच चौकट १६ किमीची होते : २५६ चौ. किमीला ३२ किमी, म्हणजे आठास एक. बिगरशेती भागात कमाल अंतर वीस मैल धरले, म्हणून तेथे भाजक २०, किलोमीटरमध्ये ३२. ही झाली ‘जाळी’. गावांमागे व शहरांमागे मिळणारी वाढीव लांबी हा ‘तारा’, कारण मोठ्या गावातून रस्ते चहूकडे फुटतात. योजनेची पद्धत ‘तारा व जाळी’ म्हणून ओळखली जाते ती यामुळे.

दुसरे सूत्र इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्गांचे. त्यात केवळ गावांची मोजदाद आहे : ५०० पर्यंत वस्तीच्या गावामागे ०.३२ किमी, ५०१ ते १,००० ला ०.८, १,००१ ते २,००० ला १.६, २,००१ ते ५,००० ला ३.२ किमी, वर वाढीसाठी १५ टक्के. लहान गावाच्या पदरात पाव मैलही पडत नाही.

फाळणीनंतरच्या भारतासाठी लक्ष्य ३,३१,००० मैल (सुमारे ५,३२,७०० किमी) होते, पैकी १,२३,००० मैल पक्के व २,०८,००० मैल कच्चे. क्षेत्राच्या हिशेबाने हे १०० चौ. किमीला १६ किमी पडते. मूळ योजनेतील खर्चाचा अंदाज ४४८ कोटी रुपयांचा होता.

मूल्यमापन : एकूण लांबीचे लक्ष्य १९६१ च्या सुमारास, मुदतीआधीच, गाठले गेले असे सामान्यतः मानतात. मात्र कच्चे रस्ते कसे मोजावेत यावर हा निष्कर्ष बराच अवलंबून आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील तुटक दुवे व नद्यांवरील पूल मागेच राहिले. रेल्वेची लांबी वजा करण्यावर मुख्य आक्षेप आहे : रूळ गावाजवळून गेले म्हणून शेतकऱ्याची बैलगाडी त्यावरून जात नाही. मुंबई योजनेने ही वजाबाकी सोडून दिली आणि लक्ष्य दुप्पट, १०० चौ. किमीला ३२ किमी, केले. लांबीच्या लक्ष्यापेक्षा प्रतवारीचाच परिणाम अधिक टिकला. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ त्याच पायावर उभा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या फायलींतील ‘रामा’ (राज्य मार्ग), ‘प्रजिमा’ (प्रमुख जिल्हा मार्ग), ‘इजिमा’ (इतर जिल्हा मार्ग), ‘ग्रामा’ (ग्रामीण मार्ग) ही लघुरूपे त्याच उतरंडीची. ‘प्ररामा’ (प्रमुख राज्य मार्ग) ही पायरी राज्याने आपली जोडली. इजिमा व ग्रामा जिल्हा परिषदेकडे असतात. पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा.

नागपूर व महामार्ग : योजनेचे नाव धारण करणाऱ्या शहराला तिच्यात वेगळे स्थान नव्हते. पुढे हजिरा–कोलकाता (जुना क्र. ६) व वाराणसी–कन्याकुमारी (जुना क्र. ७) हे महामार्ग येथे एकमेकांना छेदू लागले. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर पूर्व–पश्चिम मार्गाला ५३ व उत्तर–दक्षिण मार्गाला ४४ हे क्रमांक आहेत. शहरात मात्र क्रमांक कोणी सांगत नाही. अमरावती रोड, भंडारा रोड, वर्धा रोड, जबलपूर रोड असेच म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत व जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किमीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग हा राज्याचा द्रुतगती मार्ग आहे, राष्ट्रीय महामार्ग नव्हे. नागपूर योजनेच्या प्रतवारीत द्रुतगती मार्ग हा वर्गच नव्हता. सुमारे १,६०० किमीच्या अशा मार्गांची तरतूद प्रथम मुंबई योजनेत आली.