संसर्ग नियंत्रण (परिचर्या)

दाखल होताना रुग्णात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग रुग्णालयजन्य समजतात. तो टाळण्यासाठी वॉर्डात पाळायच्या पद्धती म्हणजे संसर्ग नियंत्रण. रुग्णाला दिवसभरात सर्वाधिक हात लागतो तो परिचारिकेचा, त्यामुळे या कामाचा मोठा भार तिच्यावरच येतो.

इग्नाझ झेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात, शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेला बाळंतिणींचा मृत्युदर काही महिन्यांतच २ टक्क्यांपर्यंत उतरला. तरीही त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना ते पटले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत : रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त वा शरीरद्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटची वेळ हमखास विसरली जाते. सलाइनचा स्टँड सरकवला किंवा मॉनिटरचे बटण दाबले, तर ‘पेशंटला कुठे हात लावला?’ असे वाटते. अल्कोहोल रब (हातांना चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण) २०–३० सेकंद चोळावा. साबण-पाण्याने हात धुण्याच्या पूर्ण कृतीला ४०–६० सेकंद लागतात. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे जुलाब असतील, तर साबण-पाणीच हवे. या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. एकच जोडी घालून चार खाटा फिरल्यास सिस्टर सुरक्षित राहतात आणि जंतू मात्र खाटेखाटेला पोहोचतात. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावे लागतात.

प्रमाणित खबरदारीनुसार, म्हणजे सर्वच रुग्णांसाठी पाळायच्या मूलभूत नियमांनुसार, प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानतात, रिपोर्ट काहीही असो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. भारतातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जातात. रक्ताने माखलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, तर सलाइनचे सेट आणि कॅथेटर (लघवी काढण्यासाठी मूत्राशयात घातलेली नळी) लाल पिशवीत. सुई टोचलीच तर जखम पिळू नये. ती साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावे, कारण एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

कॅथेटरला जोडलेली लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता टांगतात. घोटाळा होतो तो रुग्णाला एक्स-रेला नेताना : वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) ती सोयीसाठी रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि साठलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहू शकते. कॅथेटर जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. म्हणून त्याची गरज उरली आहे का, हे राउंडला रोज विचारले जावे.