महासाथीतही साठीपुढच्यांची सिगारेट का सुटली नाही?

करोनाच्या पहिल्या लाटेनंतर, जुलै २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या ‘अ‍ॅश’ या तंबाखूविरोधी संस्थेने आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने एका सर्वेक्षणावरून अंदाज दिला की दहा लाखांहून अधिक लोकांनी सिगारेट सोडली आहे. वयोगट पाहिले की मात्र मन खट्टू होतं. १६ ते २९ वयाच्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनी सवय सोडली होती, पन्नाशीपुढच्यांपैकी जेमतेम ७ टक्क्यांनी. ज्यांच्या जिवाला धोका जास्त, तेच जागचे कमी हलले.

याचं मूळ त्या पिढीच्या बालपणात आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढत. २०२० मध्ये सत्तरी-ऐंशीत असलेली माणसं अशा घरांत वाढली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला, १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेचा धूम्रपानाच्या धोक्यांवरचा अहवाल आला. पुढच्या दशकांत अनेकांनी सिगारेट सोडली आणि अनेक जण तिच्यापायी गेले. मागे उरले ते पन्नास-पन्नास वर्षं ओढणारे, बरेचसे सोडण्याचे प्रयत्न करून थकलेले.

त्यांच्यावर महासाथीने दोन्ही बाजूंनी ओढ लावली. श्वास कोंडण्याची भीती होती. पण घरात एकटं पडणं, नातवंडांची भेट बंद, दिवस सरता सरत नाही, हेही होतं. समोर बसून धीर देणारी व्यसनमुक्ती केंद्रं फोनवर गेली. त्यातच तंबाखूतलं निकोटिन करोनापासून वाचवतं की काय, अशी शंका फ्रान्समधल्या संशोधकांनी एप्रिल २०२० मध्ये मांडली आणि तिथल्या सरकारला सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या निकोटिन पट्ट्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. इंग्लंडमध्ये दर महिन्याला होणाऱ्या पाहणीत पहिल्या टाळेबंदीत १८ ते ३४ वयोगटातलं धूम्रपान सुमारे पाव पटीने वाढलेलं दिसलं. पस्तिशीपुढे लक्षणीय फरक नव्हता. तरुणांमध्ये धरणं-सोडणं दोन्ही जोरात झालं, वयस्करांची सवय बहुतांशी होती तशीच राहिली.

नुसत्या बंदीनेही ती सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्च ते १७ ऑगस्ट २०२० तंबाखूविक्री पूर्ण थांबवली. काळा बाजार फोफावला आणि बहुतेकांनी चढ्या भावाने सिगारेट मिळवली. भारतातही १५ एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने तंबाखूविक्री आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकणं बंद केलं, पानटपऱ्यांना कुलपं लागली. थुंकण्याचा उल्लेख उगाच नव्हता. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत. त्यामुळे आपल्याकडे हा विषय विडीइतकाच, किंबहुना अधिक, आजीच्या मशेरीचा आणि आजोबांच्या तंबाखू-चुन्याचा आहे.

‘आता या वयात कशाला सोडायची?’ असं घरचेही म्हणतात, आणि त्याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांवर केलेल्या अभ्यासाचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी सहा वर्षं आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षं जास्त आयुष्य मिळतं. भारतात सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक २०१६ पासून आहे.