क्लिक गायब झाला म्हणजे ठेका बरोबर?

ड्रम्स शिकणारी मुलं पहिल्यांदा स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायला बसली की त्यांच्या हेडफोनमध्ये लय दाखवणारी टिकटिक, म्हणजे क्लिक, सोडतात आणि एक सल्ला हमखास मिळतो: "हेडफोनमधला क्लिक ऐकू येईनासा झाला की समज, बरोबर वाजतंय." सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी बरीच मुलं वर्षानुवर्षं किंचित घाईत वाजवत राहतात आणि कानाला पत्ता लागत नाही.

आधी साधा हिशेब. 60,000 ला टेम्पोने (मिनिटाला किती बीट, म्हणजे बीपीएम) भागलं की एक बीट किती मिलीसेकंदांचा ते कळतं. 100 बीपीएमला बीट 600 मिलीसेकंदांचा, म्हणजे त्याचा चौथा भाग, सिक्स्टीन्थ नोट, 150 चा. इथे 20 मिलीसेकंदांची चूक लहान वाटते. पण दोन वेगळ्या आवाजांपैकी आधी कोणता आला हे सांगायला माणसाच्या कानाला साधारण तेवढंच अंतर लागतं. त्याहून कमी अंतर असलं तर आवाज जाड किंवा चिरलेला वाटतो, पण घाई झाली की उशीर, हे ओळखता येत नाही.

आता क्लिक गायब का होतो ते पाहू. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, याला मास्किंग म्हणतात. स्नेअरच्या, म्हणजे काठीने वाजणाऱ्या मधल्या ड्रमच्या, खालच्या तारांमुळे त्याच्या आवाजात शेकडो हर्ट्झपासून हजारो हर्ट्झपर्यंत सगळं भरलेलं असतं, त्यामुळे बारीक क्लिक त्यात सहज बुडतो. गंमत वेळेची आहे. डोळ्यांसमोर फ्लॅश चमकल्यावर क्षणभर काही दिसत नाही, तसं मोठ्या आवाजानंतर कानाच्या मज्जातंतूंची संवेदना थोडा वेळ मंदावते. हा परिणाम 100 मिलीसेकंदांहूनही जास्त टिकू शकतो. स्नेअरची स्वतःची गुंज त्यात भर घालते. उलट दिशेचं मास्किंग, म्हणजे नंतर आलेल्या मोठ्या आवाजाने आधीचा लहान आवाज झाकणं, हेही घडतं. पण ते दुबळं असतं आणि जेमतेम 20 मिलीसेकंद मागे पोचतं.

याचा अर्थ असा की चुकीच्या दोन दिशा कानाला सारख्या दिसत नाहीत. वाजवणारा 30 मिलीसेकंद उशिरा आला तर क्लिक आधी शांततेत वाजतो, स्पष्ट ऐकू येतो आणि मुलगा सावध होतो. तो 30 मिलीसेकंद आधी आला तर क्लिक स्नेअरच्या शेपटीत पडतो आणि गायब होतो. मुलाला वाटतं, अगदी नेमकं बसलं!

दुसरी अडचण मेंदूची. मेट्रोनोमबरोबर बोटाने टिचक्या मारायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्याच्या वीस-तीस मिलीसेकंद आधीच टिचकी मारतात. प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. संगीत शिकलेल्यांत ते कमी असतं. एक स्पष्टीकरण असं: स्पर्शाचा संदेश मेंदूत पोचायला कानातल्या आवाजापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दोन्ही संदेश एकदम जाणवावेत म्हणून मेंदू हात आधी हलवतो. पायाने ठेका धरला तर ही घाई आणखी वाढते, कारण पाय मेंदूपासून लांब आहे. किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) ठोका स्नेअरपेक्षा जास्त पुढे पळतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. थोडक्यात, शरीर ज्या बाजूला चुकतं, कान नेमकी तीच बाजू झाकतो.

मग मोजायचं कसं? स्नेअर आणि किकला प्रत्येकी एक जवळचा माइक लावून रेकॉर्ड करा. स्नेअरचा माइक कडेपासून चार-पाच सेंटिमीटरवर पुरे. ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर टांगलेल्या, माइकवर मोजू नका: आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मीटरभर वरच्या माइकला ठोका जवळपास 3 मिलीसेकंद उशिरा मिळतो. त्याआधी यंत्रणेचा स्वतःचा उशीर काढावा लागतो. 44,100 हर्ट्झला 256 सँपलचा बफर (संगणक आवाज हाताळण्याआधी साठवतो तो तुकडा) एका दिशेला 5.8 मिलीसेकंद खातो. सॉफ्टवेअर तो वजा करतं, पण नेहमी बरोबर करत नाही. हेडफोनची वाटी स्नेअरच्या माइकला टेकवून फक्त क्लिक रेकॉर्ड करा. रेकॉर्ड झालेला क्लिक ग्रिडच्या (पडद्यावर बीट दाखवणाऱ्या) रेषेपासून जितका सरकलेला दिसेल, तितकं पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करा. ही पायरी गाळली तर विद्यार्थ्याच्या माथी संगणकाची चूक बसते.

मग 32 फटके घेऊन प्रत्येकाचं रेषेपासूनचं अंतर लिहा. समजा सगळे 14 ते 22 मिलीसेकंद आधी आहेत. हरकत नाही, अख्खा ट्रॅक 18 मिलीसेकंद उशिरा सरकवला की काम होतं. पण निम्मे 30 आधी आणि निम्मे 30 नंतर असतील तर सरासरी शून्य येईल आणि ट्रॅक मात्र नुसता सरकवून सावरणार नाही. सरासरीपेक्षा विखुरणं महत्त्वाचं.

"स्टुडिओत सगळं दुरुस्त करता येतं" हे वाक्य इथेच उघडं पडतं. ओव्हरहेडमध्ये सगळा सेट एकत्र असतो, म्हणून ठोका सरकवायचा तर सगळ्या माइकचे ट्रॅक एकदम कापावे लागतात. क्रॅश (मोठी झांज) आणि किक 25 मिलीसेकंदांनी फाटले असतील तर एकाला रेषेवर आणताना दुसरा हलतो.

मास्किंगवर उपाय सोपा आहे. क्लिक ठोक्यावर न ठेवता दोन ठोक्यांच्या मध्ये ठेवायचा. एट्थ नोट्सच्या (अर्ध्या बीटच्या) ठेक्यात बीटचे चार भाग मोजणाऱ्या "वन ई अँड अ" मधल्या 'ई' आणि 'अ' या जागा रिकाम्या असतात. तिथला क्लिक झाकला जात नाही आणि घाई झाली की पुढचं अंतर लांबलेलं लगेच ऐकू येतं. मधल्या जागा भरल्या की टिचकीची घाईही कमी होते, हे प्रयोगांत दिसलं आहे. तबल्याचा रियाज कोरड्या ठोक्याऐवजी लेहऱ्यावर (आवर्तनभर फिरणाऱ्या सुरावटीवर) करतात, त्याचा हाही एक फायदा असावा: समेपर्यंतची सगळी वाट सुरांनी भरलेली असते.

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षेत तीन गाणी वाजवायची असतात. तिथेही तयारी अशीच मोजून केलेली बरी. फिल (ठेक्यामधली छोटी सजावट) स्वतंत्र तपासा. टॉमवर (बाजूच्या ड्रम्सवर) हात फिरवताना मुलं शेवटचे दोन फटके दाबतात, आणि फिलनंतरचा क्रॅश लवकर पडतो.

हेडफोनचा आवाज वाढवून मास्किंग जिंकायला जाऊ नका. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल दिवसाला आठ तास चालतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. बंद वाटीचे, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन घ्या.

चूक झाली तर दोन बार (ठोक्यांचे ठरावीक गट) आधीपासून वाजवत या, आणि जुन्या-नव्या रेकॉर्डिंगचा जोड क्रॅशच्या ठोक्यावर लावा. क्रॅश विरत असताना मध्येच कापलं तर शेपटी तुटलेली ऐकू येते. गाण्याच्या शेवटच्या ठोक्याबरोबर क्लिक बंद करायला इंजिनिअरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर क्रॅश विरत जाताना हेडफोनमधली टिकटिक ओव्हरहेडमध्ये उतरते.