स्पंजाचा बारकोड वाचताना

स्पंज या पाण्यातल्या प्राण्याला ना नाक, ना डोळे, ना पोट, ना पाय. लाटांचा मारा बसणाऱ्या खडकावर जो पातळ थरासारखा पसरतो, तोच स्पंज शांत पाण्यात बोटांसारखा वर वाढलेला दिसू शकतो. रंगावर विसंबावं, तर नमुना अल्कोहोलच्या बाटलीत गेला की रंगही उतरतो. उलट दोन पूर्ण वेगळ्या प्रजाती दिसायला इतक्या सारख्या असतात की एका बाटलीवरची चिठ्ठी दुसरीवर लागली तर कुणाला पत्ता लागू नये. स्पंजांच्या साडेनऊ हजारांहून अधिक प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत.

ही नावं ठरली ती मुख्यतः कंटिकांवरून. सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या या बारीक काड्या म्हणजे स्पंजाचा सांगाडा. तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळू द्यायचं आणि तळाशी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यात सुया दिसतात, टाचण्या दिसतात, नांगर आणि चांदण्याही दिसतात. बहुतेक कंटिका डोळ्यांना दिसतही नाहीत, पण मोनोऱ्हाफिस चुनी या खोल समुद्रातल्या स्पंजाची एकच कंटिका तीन मीटरपर्यंत वाढते! अडचण अशी की अंघोळीच्या स्पंजाला कंटिकाच नसतात, नुसते लवचीक तंतू असतात. हॅलिसार्का नावाच्या स्पंजांमध्ये तर तेही नाहीत.

डीएनए बारकोडिंग इथे कामाला येतं. 2003 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की प्राणी ओळखायला सगळा डीएनए वाचायची गरज नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाची सुमारे 658 अक्षरं पुरेत. एकेका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे नखाएवढ्या तुकड्यातूनही हे जनुक हाती लागतं. पीसीआर या तंत्राने त्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या, अक्षरं वाचायची आणि ओळख पक्की असलेल्या नमुन्यांशी ताडून बघायची. पक्षी आणि फुलपाखरं यांच्यात हे बऱ्यापैकी जमतं, कारण एका प्रजातीतले फरक थोडे आणि दोन प्रजातींमधले पुष्कळ असतात.

स्पंजांनी मात्र या हिशेबाला चांगलाच खोडा घातला. प्रवाळांप्रमाणेच बहुतेक स्पंजांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फार सावकाश बदलतो, त्यामुळे जवळच्या दोन प्रजातींची ती अक्षरं कधीकधी तंतोतंत जुळतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या कंटिका असलेल्या चुनखडी स्पंजांची तऱ्हा नेमकी उलटी. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए इतका बदललेला आहे की नेहमीचे प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, त्याला चिकटतच नाहीत. म्हणून सीओआयच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, पेशीकेंद्रातल्या 28एस जनुकाचा एक तुकडा वाचतात.

दुसरी अडचण मला जास्त गमतीची वाटते. स्पंज कधी एकटा नसतोच. काही स्पंजांच्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक वाटा जीवाणूंचा असतो. पाण्याच्या वाटांमध्ये किडे, लहान कोळंब्या, नाजूक तारामासे बिऱ्हाड करून असतात आणि गाळलेल्या पाण्यातला कचरा वेगळाच. कुठल्याही प्राण्याला चालणारे प्रायमर वापरले की स्पंजाऐवजी एखाद्या किड्याचाच बारकोड हाती येतो. म्हणून वरचा थर सोडून आतला स्वच्छ तुकडा कापतात, आणि अक्षरं वाचून झाल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो हा, की हा स्पंज तरी आहे का?

बारकोड नमुन्यापासून सुटला की त्याची किंमत जाते, असं माझं मत आहे. म्युनिकचे गेर्ट व्योरहाइडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या स्पंज बारकोडिंग प्रकल्पात म्हणूनच वाचलेल्या अक्षरांच्या अनुक्रमाला संग्रहालयातल्या नमुन्याची जोड असते. उद्या नावाबद्दल शंका आली, तर कुणीही तो नमुना काढून कंटिका पुन्हा तपासू शकतं.

शिंपले पोखरणाऱ्या क्लिओना सेलाटाचंच बघा. हा सगळीकडे सापडणारा एकच स्पंज मानला जाई, कारण त्याच्या कंटिका जिथेतिथे त्याच साध्या टाचणीच्या घाटाच्या. 2010 मध्ये सीओआय आणि इतर जनुकं ताडल्यावर अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातच त्या एका नावाखाली निदान चार प्रजाती दडलेल्या निघाल्या.

औषधांच्या शोधातही नाव चुकून चालत नाही. कर्करोगावरचं एरिब्युलिन हे औषध हॅलिकॉन्ड्रिन बी या रेणूवरून घडवलेलं आहे. हा रेणू 1986 च्या सुमारास जपानमध्ये हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या स्पंजात मिळाला आणि पुढे इतर स्पंजांतही सापडला. न्यूझीलंडजवळच्या समुद्रातून एका स्पंजाचा टनभर माल उपसला, तेव्हा हॅलिकॉन्ड्रिन हाती आलं ते एक ग्रॅमही नव्हतं. एवढा उपसा करण्याआधी तो हवा तोच स्पंज आहे ना, याची खात्री करणं आलंच.

आणि ती परक्या डीएनएची गर्दी? 2019 मध्ये संशोधकांनी तिचाच उपयोग करून घेतला. अंटार्क्टिका आणि भूमध्य समुद्रातल्या स्पंजांचे तुकडे घेऊन त्यांनी मुद्दाम स्पंज सोडून बाकीच्यांचा डीएनए वाचला. आसपासच्या पाण्यातल्या माशांची यादी तर मिळालीच, शिवाय सील आणि पेंग्विनसुद्धा सापडले.